विमानांचा सार्वजनिक मागोवा आणि खासगी वैमानिकांचा खासगीपणा : एक विवेचन

प्रस्तावना :

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येणारे आपले छोटे विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरविले. त्या उड्डाणाची नोंद वैमानिकाच्या वहीत, विमानतळाच्या दप्तरात आणि टपाल खात्याच्या कागदपत्रांत झाली. वाटेतील विमान या क्षणी नेमके कोठे आहे, हे जुहूला वाट पाहणाऱ्यांनाही ठाऊक होण्याचे साधन नव्हते. पुढे रेडिओ आला, रडार आले. परंतु विमानाचा ठावठिकाणा जाणण्याची व्यवस्था दीर्घकाळ शासकीय नियंत्रण कक्षाच्या भिंतींच्या आतच राहिली.

आज चित्र पूर्णपणे पालटले आहे. नवी मुंबईतील सानपाडा येथे पाम बीच मार्गालगतच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता उलव्याच्या दिशेने ये-जा करणारी विमाने दिसतात. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. गच्चीवरचा मनुष्य हातातील भ्रमणध्वनीवर पाहून त्या विमानाचे नोंदणीचिन्ह, प्रकार, उंची, वेग, निघाल्याचे ठिकाण आणि गंतव्य ही सर्व माहिती काही क्षणांत सांगू शकतो. फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअर, एडीएस-बी एक्स्चेंज आदी संकेतस्थळांनी हे शक्य केले आहे.

प्रवासी विमानाच्या बाबतीत ही माहिती निरुपद्रवी, किंबहुना उपयुक्त आहे. आप्तेष्टांना आणावयास जाणाऱ्यास ती हवीच असते. विमानात शंभर-दीडशे प्रवासी असल्याने विमानाच्या मार्गावरून कोणा एका व्यक्तीविषयी काहीही कळत नाही. परंतु एकाच मालकाचे, एकाच वैमानिकाने चालविलेले छोटे विमान असेल तर त्याचा मार्ग हाच त्या व्यक्तीचा मार्ग ठरतो. खासगीपणाचा प्रश्न येथे उद्भवतो. या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, त्याच्या दोन्ही बाजू तपासणे आणि भारतीय कायद्याच्या संदर्भात त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मागोव्याची तांत्रिक प्रक्रिया :

या संकेतस्थळांना मिळणारी माहिती कोणत्याही गुप्त मार्गाने मिळत नाही, हे प्रथम लक्षात घेणे अगत्याचे आहे. ती विमान स्वतःच प्रक्षेपित करते. या व्यवस्थेला एडीएस-बी असे म्हणतात. विमानातील उपकरण उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान निश्चित करते आणि १०९० मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर साधारणतः सेकंदाला दोनदा ते जाहीर करते. प्रत्येक संदेशासोबत त्या विमानाला दिलेला २४ बिटांचा संकेतांक जातो. हे संकेतांक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने निरनिराळ्या देशांना वाटून दिलेले असून भारताच्या वाट्याला २,६२,१४४ संकेतांकांचा गट आलेला आहे.

हे संदेश कूटबद्ध केलेले नसतात. ही त्रुटी नसून तो योजनेचाच भाग आहे. जवळून जाणाऱ्या कोणत्याही देशाच्या, कोणत्याही कंपनीच्या विमानाला ते वाचता यावेत आणि टक्कर टळावी, हाच त्यांचा हेतू होय. संदेश सर्वांना वाचता आला पाहिजे, या अटीवरच सुरक्षितता आधारलेली आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रात हे उपकरण अनिवार्य केले. भारतात २९,००० फूट व त्यावरील हवाई मार्गांसाठी ही व्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली आहे. कमी उंचीवर उडणाऱ्या जुन्या प्रशिक्षण विमानांत ती नसू शकते. मात्र नव्या छोट्या विमानांत ती बहुधा कारखान्यातूनच बसविलेली येते.

हे संदेश टिपण्यासाठी संगणकाला जोडावयाचा एक स्वस्त रेडिओ ग्राहक आणि एक लहान अँटेना पुरेशी होते. ग्राहक व विमान यांच्यामध्ये सरळ दृष्टिरेषा असावी लागते. सुमारे १०,००० मीटर उंचीवरील विमानाचा संदेश अडथळा नसल्यास ४०० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. ३०० मीटर उंचीवरील विमानाचा सुमारे ७० किलोमीटरपर्यंतच. सह्याद्रीसारखी डोंगररांग मध्ये आल्यास हे अंतर आणखी घटते. म्हणूनच नवी मुंबईसारख्या उंच इमारतींच्या दाट वस्तीत खालून उडणारे विमानही सहज टिपले जाते, तर घाटापलीकडील एखाद्या खोऱ्यात ते काही काळ दिसेनासे होते. जगभरातील हजारो हौशी व्यक्तींनी आपल्या घरांवर बसविलेल्या अशा ग्राहकांची माहिती एकत्र करून ही संकेतस्थळे नकाशा तयार करतात. एखादे विमान आपले स्थान प्रक्षेपित करीत नसले तरी त्याच्या अन्य संदेशांच्या आगमनवेळेतील सूक्ष्म फरकावरून, चार किंवा अधिक ग्राहकांच्या आधारे, त्याचे स्थान काढता येते.

चिन्हापासून व्यक्तीपर्यंत :

संदेशात वैमानिकाचे नाव नसते. तो केवळ विमानाची ओळख सांगतो. मग खासगीपणाला बाधा कशी येते? येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली म्हणजे जोड आणि दुसरी म्हणजे साठा.

संकेतांकावरून नोंदणीचिन्ह कळते. भारतीय विमानांचे चिन्ह व्हीटी या अक्षरांनी सुरू होते. त्या चिन्हावरून मालकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग शासकीय नोंदवहीतून जातो. १९४४ च्या शिकागो कराराच्या २१ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक सदस्य राष्ट्र अन्य सदस्य राष्ट्राने मागणी केल्यास आपल्याकडील विमानाची नोंदणी व मालकी यांविषयी माहिती देण्यास बांधील आहे. हे बंधन राष्ट्रांमधील आहे. प्रत्येक नागरिकाला मालकाचे नाव घरबसल्या उपलब्ध करून द्यावे, असे त्यात म्हटलेले नाही. तथापि अनेक देशांनी आपल्या नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या केल्या. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नोंदणीकृत विमानांच्या व परवानाधारक चालकांच्या याद्या प्रसिद्ध होत आलेल्या आहेत. विमान कंपनीच्या नावे असले तर संचालकांची नावे कंपनी नोंदणीच्या कागदपत्रांत सापडतात.

काही वेळा नोंदवही चाळण्याचीही गरज पडत नाही. कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी बनविलेले सहा आसनी विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात प्रदर्शित झाले आणि २०१७ मध्ये त्यास व्हीटी-एनएमडी हे चिन्ह मिळाले. वृत्तपत्रांनी ते चिन्ह घरोघरी पोहोचविले. हा गौरवाचा प्रसंग होता. परंतु चिन्ह आणि व्यक्ती यांची जोड एकदा झाली की ती कायमची होते, हेही त्यातून दिसते. मोटारीचा मालक गाडी बदलू शकतो. हाताने घडविलेल्या किंवा आयुष्याची बचत घालून घेतलेल्या विमानाच्या बाबतीत हे संभवत नाही.

दुसरी गोष्ट साठ्याची. आकाशात दिसलेले विमान पाहणाऱ्याच्या नजरेआड होताच विस्मृतीत जाते. संकेतस्थळावरील विमान मात्र जात नाही. मागील काही दिवसांची आणि शुल्क भरल्यास मागील महिन्यांची वा वर्षांची उड्डाणे पुन्हा पाहता येतात. एका उड्डाणावरून फारसे कळत नाही. पन्नास उड्डाणांवरून मालक कोणत्या वारी घराबाहेर असतो, कोणत्या गावी मुक्काम करतो, कोणत्या शहरातील रुग्णालयाजवळच्या धावपट्टीवर वरचेवर उतरू लागला आहे, कोणत्या उद्योगाशी त्याची बोलणी चालू आहेत, हे सर्व अनुमानाने जुळविता येते. घर रिकामे असल्याचे चोरास, भेटीगाठी प्रतिस्पर्ध्यास आणि दिनक्रम पाठलाग करणाऱ्यास कळतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता धुळे येथे चालते. बारामती व गोंदिया येथेही प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील प्रशिक्षणार्थी अठरा-वीस वर्षांचे असतात. एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाचा मार्ग आईवडिलांनी घरबसल्या पाहणे हा आनंदाचा क्षण होय. परंतु संस्थेची विमाने मोजकी असतात, वेळापत्रक सर्वांना ठाऊक असते आणि विद्यार्थी स्वतःच समाजमाध्यमांवर विमानासह छायाचित्र टाकतो. अशा स्थितीत कोणते विमान कोण चालवीत आहे आणि तो वा ती केव्हा परतेल, हे अनोळखी व्यक्तीसही कळू शकते.

अमेरिकेतील अनुभव :

खासगी विमानांची संख्या सर्वाधिक असलेल्या अमेरिकेत हा वाद प्रथम तीव्र झाला. तेथील संघीय विमान प्रशासनाने मालकाच्या विनंतीनुसार विमानाची माहिती प्रदर्शनातून वगळण्याची एक योजना आणि खऱ्या संकेतांकाऐवजी पर्यायी संकेतांक देण्याची दुसरी योजना आखली. पहिलीची मर्यादा अशी की, ती प्रशासनाकडून माहिती घेणाऱ्या संस्थांवरच बंधनकारक आहे. स्वतःच्या ग्राहकांवरून माहिती गोळा करणाऱ्या संकेतस्थळांना ती लागू पडत नाही. दुसरीची मर्यादा अशी की, ती अमेरिकेच्या हवाई क्षेत्रापुरती आहे आणि चिकाटीने पाहणारा अभ्यासक नेहमीच्या मार्गांवरून नवा संकेतांक ओळखू शकतो.

या मर्यादांचे प्रत्यंतर लवकरच आले. फ्लोरिडातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उद्योगपती इलॉन मस्क यांच्या विमानाची उड्डाणे आपोआप प्रसिद्ध करणारे खाते ट्विटरवर चालविले. ते बंद करण्यासाठी मस्क यांनी त्याला ५,००० डॉलर देऊ केल्याचे २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्याने ते नाकारले. पुढे ट्विटर मस्क यांच्या मालकीचे झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते खाते बंद करण्यात आले. यातून एक विषमता समोर येते. अब्जाधीशाला समाजमाध्यमच विकत घेता येते. चार आसनी विमान बाळगणाऱ्या डॉक्टरास किंवा शेतकऱ्यास तो मार्ग नाही.

मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने खासगी विमानमालकांना आपले नाव व पत्ता सार्वजनिक नोंदवहीतून झाकून ठेवण्याची विनंती करण्याचा हक्क दिला आणि मार्च २०२५ पासून अशा विनंत्या स्वीकारल्या जाऊ लागल्या. प्रक्षेपण थांबविण्याऐवजी नावाची जोड तोडण्याचा हा मार्ग आहे, ही बाब महत्त्वाची होय.

सार्वजनिक हिताची बाजू :

खुल्या मागोव्याला केवळ कुतूहल मानणे अन्यायाचे ठरेल. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाच्या विमानाला झालेल्या भीषण अपघातानंतर काही तासांतच त्याचा शेवटचा टिपलेला संदेश ६२५ फूट उंचीवरचा असल्याचे जगाला समजले, ते या खुल्या जाळ्यामुळेच. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना घेऊन भारताकडे निघालेले बांगलादेश हवाई दलाचे विमान असंख्य लोक नकाशावर पाहत होते. इतिहास घडताना त्याचे साक्षीदार होण्याची ही नवी रीत आहे.

सत्तेच्या उत्तरदायित्वाशीही या माहितीचा संबंध आहे. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील आमदार विशेष विमानाने सुरतहून गुवाहाटीला गेले, तेव्हा त्या प्रवासाचा खर्च कोणी केला हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. निवडणुकीत पक्षांनी हेलिकॉप्टरवर केलेला खर्च हा निवडणूक आयोगाकडे द्यावयाच्या हिशेबाचा भाग असतो. अशा वेळी विमान कोठून कोठे गेले हे स्वतंत्रपणे तपासता येणे लोकशाहीच्या दृष्टीने इष्टच म्हणावे लागेल. म्हणून सर्व खासगी विमानांवर सरसकट पडदा टाकण्याची मागणी मान्य होण्याजोगी नाही. लोकसेवकाचा सार्वजनिक कामाचा प्रवास आणि सामान्य हौशी वैमानिकाची रविवारची फेरी यांत भेद केला पाहिजे.

भारतीय कायद्याची स्थिती :

या प्रश्नावर भारतात दोन न्यायनिर्णय परस्परांसमोर ठेवून पाहता येतात. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला. परंतु न्यायालयीन दप्तरासह सार्वजनिक अभिलेखांवर आधारित प्रकाशनास, काही अपवाद सोडता, आक्षेप घेता येणार नाही असेही म्हटले. या तत्त्वाने पाहिल्यास नोंदवहीतील नाव प्रसिद्ध करणाऱ्यास दोष देता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. व्यक्ती सार्वजनिक जागी आहे एवढ्याच कारणाने तिचा खासगीपणा संपत नाही, हा विचार त्या निर्णयात आढळतो. विखुरलेल्या निरुपद्रवी माहितीतून व्यक्तीचे संपूर्ण चित्र उभे करता येते, या धोक्याचीही दखल तेथे घेण्यात आली आहे. विमानाच्या मागोव्याला हा विचार तंतोतंत लागू पडतो.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली, अथवा कायद्याच्या बंधनामुळे कोणी जाहीर केलेली वैयक्तिक माहिती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहे. येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. नियमानुसार उपकरण चालू ठेवणाऱ्या वैमानिकाने आपले स्थान कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केले असे मानावयाचे काय? तसे मानल्यास त्याला या अधिनियमाचे संरक्षण मिळणार नाही. परंतु कायद्याने त्याला स्थान प्रक्षेपित करण्यास सांगितले ते टक्कर टाळण्यासाठी; त्याचा वर्षभराचा प्रवास साठवून विकण्यासाठी नव्हे. प्रक्षेपणाचे बंधन आणि प्रसिद्धीचे बंधन एकच नव्हेत, असा अर्थ लावणे अधिक न्याय्य ठरेल.

भूमार्गावरील वाहनांच्या बाबतीत भारताने हा प्रश्न व्यवहारात सोडविलेला आहे. नवी मुंबईतील मोटारीवर एमएच-४३ ने सुरू होणारी ठळक पाटी असते आणि ती कोणीही वाचू शकतो. मात्र परिवहन विभागाच्या वाहन या संगणकीय नोंदवहीत तो क्रमांक टाकला असता मालकाचे नाव अंशतः झाकलेले दिसते. पाटी उघडी, नाव झाकलेले आणि पोलिसांस सर्व उपलब्ध, अशी ही रचना आहे. रस्त्यावर जे तत्त्व मान्य झाले ते आकाशात अमान्य का असावे, याचे समर्थनीय कारण दिसत नाही.

सुरक्षिततेशी असलेला संबंध :

खासगीपणाची ही चर्चा मूठभर श्रीमंतांच्या सोयीची आहे, असा आक्षेप घेतला जाण्याची शक्यता आहे. तथापि यात अन्य लोकांच्या प्राणांचाही प्रश्न गुंतलेला आहे. एडीएस-बी उपकरणाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा सर्व विमाने ते चालू ठेवतील. जेथे ते अनिवार्य नाही तेथे वैमानिक ते स्वेच्छेने बसवितो. आपल्या सुरक्षिततेसाठी घेतलेले उपकरण आपल्यावरच पाळत ठेवते, अशी भावना झाल्यास ते न बसविण्याचा किंवा बंद ठेवण्याचा मोह निर्माण होतो. अमेरिकेत काही विमानतळांनी याच माहितीच्या आधारे छोट्या विमानांकडून शुल्क आकारण्यास सुरुवात केली, तेव्हा वैमानिकांच्या संघटनांनी नेमका हाच धोका निदर्शनास आणला आणि २०२५ मध्ये तेथील काँग्रेसमध्ये अशा वापरास प्रतिबंध करणारे विधेयक मांडले गेले.

एक विमान अदृश्य झाले तर धोका केवळ त्याच्या मालकाला नसतो. त्याच मार्गावरील प्रवासी विमान, रुग्णास घेऊन जाणारे हेलिकॉप्टर आणि पहिल्यांदाच एकटा उडणारा विद्यार्थी, यांनाही तो असतो. वैमानिकाचा विश्वास राखणे हा म्हणूनच सुरक्षा व्यवस्थेचा एक भाग होय.

उपाययोजना :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय विचारार्थ मांडता येतील.

१) प्रक्षेपण खुलेच ठेवावे. ते कूटबद्ध केल्यास विमानांना परस्परांची जाणीव होण्याचा मूळ हेतूच धोक्यात येईल.

२) व्यक्तीच्या मालकीच्या विमानाचे नाव व पत्ता सार्वजनिक यादीत अंशतः झाकावा. अपघात अन्वेषण, पोलीस व न्यायालय यांना संपूर्ण माहिती उपलब्ध असावी आणि इतरांना सकारण अर्ज करून ती मागता यावी.

३) छोट्या खासगी विमानांसाठी ठरावीक काळाने बदलणाऱ्या संकेतांकाची सोय असावी. अमेरिकेत कमी उंचीसाठी वापरल्या जाणाऱ्या ९७८ मेगाहर्ट्झच्या प्रणालीत, दृश्य नियमांनुसार उडताना तात्पुरता संकेतांक वापरण्याची मुभा आहे. म्हणजे ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

४) व्यक्तीशी जोडलेल्या विमानांचा जुना साठा किती काळ दाखवावा यावर मर्यादा असावी. लोकसेवकांचा व सार्वजनिक खर्चाचा प्रवास यातून वगळावा.

५) सुरक्षिततेसाठी मिळालेली माहिती शुल्कवसुलीसाठी वापरली जाऊ नये.

६) उड्डाण प्रशिक्षण संस्थांनी विद्यार्थ्यांना या विषयाचे ज्ञान पहिल्याच आठवड्यात द्यावे. विमानाचे चिन्ह, स्वतःचे नाव आणि उड्डाणाची वेळ ही तिन्ही एकत्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत, एवढा साधा नियमही बराच उपयोगी ठरेल.

समारोप :

विमानाच्या सुरक्षिततेला एवढेच हवे असते की, या क्षणी, या ठिकाणी, या उंचीवर एक विमान आहे. ते कोणाचे आहे आणि गेल्या वर्षी ते कोठे कोठे गेले होते, याची शेजारून जाणाऱ्या विमानाला गरज नसते. खासगीपणाला बाधा पोहोचते ती नेमकी या नावामुळे व या साठ्यामुळे. म्हणजेच सुरक्षितता आणि खासगीपणा यांत जो विरोध भासतो तो मूलतः तंत्रज्ञानातील नसून, खुल्या संदेशाला उघडी नोंदवही आणि न मिटणारी स्मृती जोडण्याच्या व्यवहारातील आहे. हा व्यवहार नियमांनी बदलता येण्याजोगा आहे.

नवी मुंबईच्या परिसरात हवाई वाहतूक वाढत जाईल आणि सानपाड्यासारख्या उपनगरांतील गच्च्यांवर अँटेनाही वाढतील. त्या अँटेना लावणारे बहुतेक हात जिज्ञासू विद्यार्थ्यांचे असतील व त्यांच्या जिज्ञासेचे स्वागतच झाले पाहिजे. मात्र महाविद्यालयातील अध्यापकांनी, मग ते संगणकशास्त्राचे असोत, कायद्याचे असोत वा समाजशास्त्राचे, पडद्यावर सरकणाऱ्या त्या छोट्या पिवळ्या चिन्हाच्या आत एक माणूस बसलेला आहे, याचे भान त्या विद्यार्थ्यांना आवर्जून द्यावे.